दोन छपरांची गाडी

घर बांधताना लोक आधी देवघराची जागा ठरवतात. मी गाडी बांधली तेव्हा आधी संडासाची जागा ठरवली. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. ज्यांना तेव्हा वाटलं होतं, त्यांच्यावर मी पुरतं उट्टं काढलं. ते कसं, तेवढं सांगते.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. कोल्हापुरात आमच्या मालकांची वेल्डिंगची शेड होती. उसाच्या ट्रॅक्टरला लागणाऱ्या चारचाकी ट्रॉल्या तिथं व्हायच्या. थोरल्या दिरांचा, म्हणजे भावजींचा, स्वतःचा ट्रक होता आणि तो चालवायचेही तेच. दोन्ही भाऊ एका घरात, एका चुलीवर. चुलीवर राज्य थोरल्या जावेचं. तिला मी अक्का म्हणायची आणि सासूला आत्ती.

मार्गशीर्षाच्या पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेला जायचं, हा आमच्या घरचा नेम. गल्लीतल्या बायका, पोती, भांडी, चुलीची लाकडं, सगळं ट्रकाच्या हौद्यात. बाप्ये केबिनमध्ये नाहीतर केबिनच्या टपावर. लग्नानंतरची माझी दुसरी का तिसरी जत्रा. गारठा असा की दात वाजत होते, आणि निघताना दोन कप चहा पोटात गेलेला. निपाणी मागं पडली आणि मला राहवेना. आमच्याकडं धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही अशी रीत. काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस घालायचं. म्हणून मी अक्काला म्हटलं, "अक्का, गाडी थांबवाय सांगा की. लई झालंय."

अक्कानं केबिनचा पत्रा बडवला. भावजींनी मान बाहेर काढली, ऐकलं आणि सगळ्या हौद्याला ऐकू जाईल असं ओरडले, "संकेश्वरात थांबू!"

संकेश्वर कुठं, मी कुठं! घाटातल्या खड्ड्यांनी माझा निकाल लावला. मी ओरडले, लुगडं भिजलं, खालचं घोंगडं भिजलं. मग अक्का खदाखदा हसली आणि म्हणाली, "अगं बया! ह्या बाईनं संकेश्वर हितंच आनलं!" झालं. सगळा ट्रक हसला. पुढं डोंगर येईपर्यंत मी त्या वाऱ्यात ओल्या लुगड्यात बसून होते. मालक केबिनमध्ये भावाच्या शेजारी बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते गप बसले, हेही मी विसरलेली नाही.

जत्रेहून परत आलो तर माझं नाव बदललेलं. "संकेश्वर आली बगा." "संकेश्वर, भाकरी झाल्या का?" नळावर, दळपाच्या गिरणीत, भाजीवालीच्या तोंडी, सगळीकडं संकेश्वर. माझ्या आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, बारसं करून, घुगऱ्या वाटून. ते गेलं. त्या नावाची मला एवढी चीड होती की कुणी रस्त्याची पाटी वाचली तरी अंगाची लाही व्हायची. मी डूख धरला. हे नाव पुसायचं, आणि ज्यानं गाडी थांबवली नाही आणि जिनं दात काढले त्या दोघांना ह्याच वाटेवर खाली मान घालायला लावायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एक दिवस शेडमध्ये डबा घेऊन गेले आणि मालकांना म्हटलं, "पुढच्या साली मी त्या ट्रकात पाय ठेवणार न्हाय."

"मग जत्रा?"

"जत्रा चुकवनार न्हाय. तुमी दुनियेच्या ट्रॉल्या बांधतासा. एक माजी बांधा. आपल्या जीपला लागंल अशी. झोपायला, रांधायला, आन बसायला."

"बसायला मंजी?"

"बसायला मंजी बसायला. संकेश्वर यायच्या आदी."

मालकांचं तोंड एवढंसं झालं. भावापुढं त्यांची जीभ कधी उचलली गेली नाही, पण हातात कसब होतं. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं रेघा ओढायला लागले. आमच्याकडं मिलिटरीच्या डिस्पोजलमधली एक जुनी जीप होती. तिच्या मागं दोनच चाकांची, जीपपेक्षा रुंद नाही अशी पेटी करायची ठरली. चाकं जोडायला भंगारातला लोखंडी आस, जीपचेच कमानपाटे, खाली चॅनेल, वर अँगल आणि पत्रा.

आतला विचार सगळा माझा. झोपायची फळी, तिच्याखाली धान्याची आणि अंथरुणांची पेटी. पुढच्या बाजूला खाली पडणारी फळी, साखळ्यांवर तोललेली. ती पाडली की तिच्यावर रॉकेलचा स्टो, बाई बाहेर उभी राहून रांधणार. वर पत्र्याची टाकी, तिला पितळी नळ. झोपायच्या भागात छप्पर बुटकं ठेवलं, आत नुसतं बसायचं, आडवं व्हायचं. ताठ उभं राहायची जागा सगळ्या गाडीत एकच ठेवली, आणि ती मागच्या संडासात. मालक म्हणाले, तिथं कशाला उंची? मी म्हटलं, उठल्यावर लुगडं नीट करायला उभं राहावं लागतं, तुम्ही काय धोतरात वाढलेले. तिथं बादली, राखेचा डबा, वर झरोके. आतून कडी. कडी मी आधी बाजारातून आणली, दार नंतर झालं.

घरी कळलं आणि वणवा पेटला. आत्ती उंबऱ्यात बसून ओरडल्या, "आईचा निवद शिजायचा त्याच छपराखाली हागायचं? कुठं फेडशील गं हे?" अक्कानं तोंडाला पदर लावला. भावजी गल्लीला ऐकवून म्हणाले, "लोक पालखी घिऊन देवाला जात्यात, आमची संडास घिऊन निगाली!" ते वाक्य गल्लीनं महिनाभर चघळलं.

पण आत्तींचा मुद्दा मला टाकता येईना. निवद हा निवद. देवीचं रांधायचं तिथं शेजारी तसली जागा, हे माझ्याही मनाला खात होतं. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि विचारलं, "आत्ती, छप्परं दोन केली तर? मधी बोळ. वारा इकडनं तिकडं जाईल असा. पानी बी येगळं, दोन टाक्या."

आत्तींनी बराच वेळ तंबाखू मळली. "घान काडनार कोन?"

"मीच की. माजी घान मी काडनार. खड्डा हे खनतील."

"मग कर जा. पन मधनं वारा गेला पायजे."

अशी ती दोन छपरांची गाडी झाली. पुढं बुटकं खोपटं, मधे हातभर बोळ, मागं उंच कपाट, आणि कपाटाच्या डोक्यावर दुसरी टाकी. रंग हिरवा दिला. बघणारे म्हणायचे, बैलाचं वशिंड शेपटीकडं कसं काय गेलं?

चूक झाली ती इथंच, आणि अशी चूक करायला बैलगाडीवाल्याचाच पोरगा लागतो. माझे सासरे जन्मभर गाडीवान. बैलाच्या मानेवर भार देऊ नये, गाडी अशी तोलायची की जू अलगद राहिलं पाहिजे, हे त्यांनी दोन्ही पोरांना लहानपणापासून शिकवलेलं. मालकांनी गाडी तशीच तोलली. आस अशा ठिकाणी बसवला की जीपला अडकवायची पुढची दांडी करंगळीवर उचलावी. जीपला कळणारसुद्धा नाही मागं काही आहे, म्हणून ते खूश. पण तोलली मोकळी. मागच्या टाकीत पाणी भरून कुणी बघितलंच नाही.

दोन्ही टाक्या भरून कागलच्या रस्त्याला पहिली फेरी काढली. वेग जरा वाढला आणि गाडीनं मागनं शेपूट हलवायला सुरुवात केली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. जीपचं स्टेअरिंग मालकांच्या हातात नाचायला लागलं. "आई यल्लम्मा!" एवढंच मला म्हणता आलं आणि आम्ही जीप-गाडीसकट रस्त्याकडेच्या उसात शिरलो. लागलं कुणाला नाही. पण शेतवाला आला, माणसं जमली आणि दिवस मावळायच्या आत गल्लीत बातमी: संकेश्वरचा संडास कागलला कलंडला. त्या संध्याकाळी अक्का गाणं गुणगुणत भाकऱ्या थापत होती. तिच्या पाठीकडं बघून मला वाटलं, ही गाडी आता डोंगरावर गेली नाही तर ह्या घरात मला जन्मभर मान वर करता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आत्ती न सांगता शेडमध्ये आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, टाक्या भरायला लावल्या आणि दांडीला हात घातला. दांडी आपोआप वर आली.

"उलाळ हाय की रं ही," त्या मालकांना म्हणाल्या. उलाळ म्हणजे मागं जड झालेली गाडी, जू वर उचलणारी. "आस मागं घे. फुडं भार येऊ दे."

"आन दांडीवर वजन आलं तर?"

"येऊ दे की. जीपला काय मान हाय व्हय?"

मालकांनी जोड कापला, आस वीतभर मागं सरकवला. मी पाटा-वरवंटा पुढच्या पेटीत टाकला. परत कागलच्या रस्त्याला गेलो, ह्या वेळी गाडी शहाण्या म्हशीसारखी मागनं चालत आली. आत्ती मात्र म्हणाल्या, "मी जायाची ती थोरल्याच्या ट्रकातनंच." मी म्हटलं, जावा.

जत्रेचा दिवस. पुढं ट्रक, मागं आमची जीप. निपाणीत भावजींनी ट्रक थांबवला, भर बाजारात, बाप्यांना चहा प्यायचा होता. ट्रक थांबला खरा, पण बायकांनी जायचं कुठं? चारी बाजूंनी दुकानं. हौद्यातनं माना बाहेर काढून त्या नुसत्या बसून. मी जीप पलीकडं वडाखाली लावायला सांगितली, मागचं कुलूप काढलं आणि बाजूला उभी राहिले. पहिली उतरली ती कोपऱ्यावरची शिंपीण. मग तिची सून. मग एकेक करत सगळा हौदा खाली. वडाखाली रांग लागली. आत्ती उतरल्या, रांग मोडून आत गेल्या, बाहेर आल्या आणि मुकाट्यानं जीपमध्ये येऊन बसल्या.

भावजींचा चहा संपला, त्यांनी हॉर्न दिला. परत दिला. रांग तशीच. शिंपीण ओरडली, "थांबा की जरा! आईचं दार काय पळून चाललंय?" मी आयुष्यात एवढा गोड हॉर्न ऐकला नव्हता.

ट्रकात एकटी अक्का बसून राहिली होती. ती उतरली नाही.

डोंगरावर ट्रकाचं पाल आणि आमची गाडी शेजारी शेजारी. मुक्कामात बायका माझ्याकडं यायच्या, किल्ली मागायच्या, आणि किल्ली मागताना कुणी मला संकेश्वर म्हणत नव्हतं. "ताई" म्हणायच्या, "बाय माजी" म्हणायच्या. अक्का मात्र पहाटे लोटा घेऊन लांब दगडांकडं जायची, बाप्यांच्या नजरा चुकवत. मी वाट बघत होते. मला घाई नव्हती, माझ्याकडं वर्षभराचा राग साठवलेला होता.

निघायच्या आदल्या दुपारी ती आली. शिळं वांगं बाधलं होतं. कपाळावर घाम, एक हात पोटावर. मी दांडीवर बसून मेथी निवडत होते.

"किल्ली दे," ती म्हणाली.

मी काडी मोडली. "कसली घाई अक्का? संकेश्वरात थांबू की."

ह्या वाक्यासाठी मी वर्ष काढलं होतं. तिनं डोळे मिटले. वाटलं, आता शिव्या देईल, मग मला आणखी मजा येईल. ती माझ्याजवळ वाकली आणि हळू म्हणाली, "त्या दिशी मी बी भिजलेती."

"काय?"

"तुज्या आदी. मी पोत्यावर बसलेती, कुनाला दिसलं न्हाय. तू वरडलीस. मी हसले न्हवते तर माज्याकडं बगितलं असतं समद्यांनी."

"कसल्या पोत्यावर?"

तिनं किल्लीसाठी नुसता हात पुढं केला.

"अक्का, कसल्या पोत्यावर?"

"घुगऱ्यांच्या जोंधळ्याच्या," ती म्हणाली. "निवदाच्या. आता दे की गं किल्ली, तुज्या पाया पडते."

मग मी किल्ली दिली. सगळं वदवून घेऊन दिली, आधी नाही. ती धावली आणि मी मेथी टाकून तशीच बसले. म्हणजे हिनं स्वतःची लाज माझ्या अंगावर फेकली, आणि वर मला नाव ठेवलं! आणि देवीपुढं ठेवलेल्या त्या घुगऱ्या आम्ही सगळ्यांनी हात जोडून खाल्ल्या! दया येते असं म्हणतात अशा वेळी. मला आली नाही. मला एवढंच कळलं की माझ्या हातात तिची मुंडी आलेली आहे.

सौंदत्तीहून आलं की कोल्हापुरात ओढ्यावरच्या यल्लम्माच्या देवळापाशी आंबिलीचं जेवण असतं. वडी-भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाडग्यात आंबील. गल्लीच्या गल्ली पंगती मांडून बसते. मी वाढत होते. ट्रकात न आलेली एक शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "ए संकेश्वर, हिकडं आंबील वाढ की!"

बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. मी डाव गाडग्यात ठेवला. अक्का समोरच बसलेली होती, तिचा हात ताटातच थांबला. बाप्यांची पंगत चार हातांवर, भावजी कडेला.

"संकेश्वर मी एकटीच हाय व्हय?" मी आवाज चढवला. "जरा अक्कास्नी इचारा, गेल्या साली घुगऱ्यांचा जोंधळा—"

"तिला काय इचारायचं?" आत्तींनी मला मधेच तोडलं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. "मला इचारा की. मी सांगते."

सगळी पंगत तिकडं बघायला लागली. आत्ती बायकांकडं बघतच नव्हत्या. त्या थोरल्या लेकाकडं बघत होत्या.

"तुज्या बाच्या बैलगाडीतनं मी जायाची, तवा कदी असं झालं न्हाय. बैलास्नी बी थांबावं लागतंय, तवा मी बी उतरायची. तुजा ट्रक आल्यापास्नं दरसाली मी भिजलीया. दरसाली! डोंगराखालच्या कुंडावर आंगुळ करायची, लुगडं पिळायचं आन वलंच नेसून वर चडायचं. पोटच्या पोराला काय सांगायचं, म्हनून गप बसले. औंदा पैल्यांदा मी कोरड्या लुगड्यानं आईचा डोंगर चडले."

मग शिंपीण म्हणाली, "माजं बी दोनदा झालंय." तिची सून म्हणाली, "माजं बी." कोण पुढं काय बोललं ते मी ऐकलं नाही. मी भावजींचं तोंड बघत होते. मिशा एवढ्या मोठ्या, पण त्यांच्यामागं लपायला जागा नव्हती. ते अर्ध्या ताटावरनं उठले आणि ओढ्याकडं हात धुवायला गेले ते परत पंगतीत आले नाहीत.

खरं सांगू? मला आत्तींचा राग आला. वर्षभर जपून ठेवलेला घास त्यांनी माझ्या तोंडातनं काढून घेतला. पण त्या दिवसापासून मला कुणी संकेश्वर म्हटलं नाही. आणि माझं ते अर्धं राहिलेलं वाक्य मी पुढंही कधी पुरं केलं नाही. पुरं करणार नाही असंही अक्काला कधी सांगितलं नाही. तिनं माझ्यावर परत कधी आवाज चढवला नाही.

भावजी राहिले होते. संक्रांत झाल्यावर ते शेडमध्ये आले. मी डबा घेऊन आलेलीच होते, पदर डोक्यावर घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. ते मालकांना म्हणाले, "ट्रकाच्या हौद्यात मागच्या अंगाला तसलं एक बसवता येतंय का बग. काडता-घालता यील असं."

मालक पहिल्यांदाच भावाच्या डोळ्यांत बघून बोलले. "ते तिला इचार. सगळं तिनंच काडलंय."

वेल्डिंग थांबलं. कामगार बघायला लागले. भावजी आयुष्यात माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्यांनी भिंतीकडं बघून विचारलं, "किती जागा लागती?"

मी पदर खाली घेतला. "किती लागती ते उभ्यानं कसं कळायचं, भावजी? बसून बगा."

"आँ?"

"बसा खाली. आमी बसतो तसं. माप घ्याय पायजे की."

ते मालकांकडं बघत राहिले. मालक हातातला पाना पुसत होते, पुसतच राहिले. शेवटी भावजी धोतर सावरून त्या काळ्या जमिनीवर उकिडवे बसले. मी टेप काढली. पाठीमागं धरली, बाजूला धरली, आकडे मोठ्यानं सांगितले.

"झालं? उठू का?"

"हात मोकळं कसं? लुगडं वर धरायचं असतंय. धरा. आन एका हातानं बाजूचा पत्रा धरा, गाडी हलत असती."

त्यांनी धरलं. मानेवर घाम आला. एक कामगार तोंडावर हात धरून बाहेर पळाला.

"उठू का आता?" त्यांनी परत विचारलं. ह्या वेळी माझ्याकडं बघून विचारलं.

"बसा अजून," मी म्हटलं, आणि टेप पहिल्यापासून परत लावली.